कापसाला चमक देणारा खार

भरतकामाच्या दोऱ्याची लडी उजेडात धरली की रेशमासारखी चमकते, पण तिच्यात रेशमाचा अंशही नसतो. ते निखळ सूत असते. त्यावर मेण नसते, कसला लेपही नसतो, म्हणूनच कितीही वेळा धुतले तरी ती चमक उतरत नाही. चांगल्या शर्टिंगच्या ताग्यावर, क्रोशाच्या दोऱ्याच्या गुंड्यावर 'मर्सराइज्ड' असा शब्द छापलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे सूत किंवा कापड कधीतरी मिनिटभर कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात ताणून धरलेले होते आणि नंतर सगळा सोडा धुऊन काढलेला आहे.

या मिनिटभरात जे घडते ते वनस्पतिज तंतूंच्या विज्ञानातले मला सगळ्यात मोहवणारे प्रकरण वाटते. धुऊन वाळवलेल्या तंतूचे रासायनिक विश्लेषण केले तर सापडते सेल्युलोजच. तेच सूत्र, तीच अणूंची संख्या. सोडियम राहिलेले नसते आणि कुठला नवा गटही चिकटलेला नसतो. तरीही तंतूचा आकार बदललेला असतो, रंग पिण्याची भूक वाढलेली असते, आणि आतला स्फटिक पूर्वीचा राहिलेला नसतो. पदार्थ तोच, बदलली ती फक्त रेणूंची आपसातली मांडणी. आणि ही मांडणी एकदा बदलली की पहिल्यासारखी करता येत नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायें यांनी १८३८ साली निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊतींमधून एकच चिवट पदार्थ वेगळा काढला. तो पुढे सेल्युलोज म्हणून ओळखला जाऊ लागला. ग्लुकोजचे मणी एकापुढे एक जोडत गेले की सेल्युलोजची साखळी होते. पिष्ट, म्हणजे कापडाला लावतात ती खळ, तीही ग्लुकोजचीच. पण पिष्टात जोड अशा कोनात असतो की साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या मानाने उलटा बसतो आणि साखळी सरळसोट राहते. कापसाच्या तंतूत अशा एका साखळीत दहा हजारांच्या आसपास मणी असतात. एक मणी साधारण अर्धा नॅनोमीटर लांबीचा, म्हणजे पूर्ण ताणलेली साखळी जेमतेम पाच मायक्रॉन भरते.

प्रत्येक मण्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हे गट शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढले जातात आणि हायड्रोजन बंध तयार होतात. एक बंध दुबळा, पण साखळीच्या लांबीभर हजारोंनी असल्यावर त्या साखळ्या एकमेकींपासून सुटत नाहीत. बाजूबाजूच्या साखळ्या अशा जोडल्या जाऊन पत्रा तयार होतो आणि पत्र्यावर पत्रा रचून स्फटिक. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. निसर्गातल्या या स्फटिकात पक्के हायड्रोजन बंध असतात ते पत्र्याच्या आत. एका पत्र्याला दुसऱ्याशी धरून ठेवणारी ओढ त्यापेक्षा क्षीण असते.

साखळीला दिशाही असते. तिची दोन टोके रासायनिकदृष्ट्या सारखी नसतात. एकाला शेंडा म्हणू, दुसऱ्याला बुडखा. वनस्पतीच्या पेशीच्या पटलावर एंझाइमांचे गुच्छ असतात. असा एक गुच्छ एका दमात कित्येक साखळ्या विणत पुढे सरकतो. सगळ्या एकाच यंत्रातून, एकाच वेळी, एकाच दिशेने बाहेर पडतात. त्यामुळे त्यांचे शेंडे एकीकडे आणि बुडखे एकीकडे असतात, शेतात बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे. काही नॅनोमीटर जाडीच्या या पेंढीला सूक्ष्मतंतुक म्हणतात, आणि त्यातल्या मांडणीला सेल्युलोज-१.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, बेसुमार लांब वाढलेली. आधी ती लांबीत वाढते, मग आतून सेल्युलोजचे थरावर थर बसत भिंत जाड होते. बोंड उकलते तेव्हा आतला ओलावा उडून जातो, मधली पोकळी बसते, आणि नळीसारखी पेशी चपटी होऊन स्वतःभोवती पिळली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेली रुई पिळलेल्या फितीसारखी दिसते आणि तिचा आडवा छेद घेवड्याच्या बीसारखा. हे पीळ सूतकताईला फार उपयोगी पडतात, कारण तंतू एकमेकांत अडकतात. प्रकाशाच्या दृष्टीने मात्र ते वाईट. वेड्यावाकड्या पृष्ठभागावरून तो चहूकडे विखुरतो आणि साधे सूत मळकट, मंद दिसते.

आता खार. कापूस आणि खार यांचा संबंध जुना आहे. परटाच्या भट्टीत खाराच्या पाण्यात कपडे उकळायचे. गिरणीत कोऱ्या कापडाची खळ काढल्यावर ते दोन ते चार टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये तासन्‌तास उकळायचे. यात कापसाच्या बाहेरच्या कातडीतले मेण, पेक्टिन आणि प्रथिने निघून जातात. कापड पाणी शोषू लागते. पण आतला स्फटिक जागचा हलत नाही. क्ष-किरणांखाली ते कापड सेल्युलोज-१ चेच राहते.

हे वेगळेपण ठसवून सांगावेसे वाटते, कारण 'अल्कली प्रक्रिया' या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी सर्रास खपवल्या जातात. पातळ खार तंतू साफ करतो. कडक खार तंतू आतून बदलतो. मधली सीमा बरीच स्पष्ट आहे. साध्या तापमानाला कापसात स्फटिक बदलायचा तर द्रावण दहा टक्क्यांच्या वर न्यावे लागते, आणि गिरण्या अठरा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान काम करतात. पाच टक्क्यांच्या द्रावणात आठवडाभर भिजत ठेवले म्हणून अठरा टक्क्यांचे काम होत नाही.

याचे कारण पाण्यात आहे. द्रावणातले सोडियम आयन आणि हायड्रॉक्सिल आयन एकटे नसतात. त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे कोंडाळे असते. द्रावण पातळ असले की पाणी मुबलक आणि कोंडाळे मोठे. एवढा पसारा घेऊन आयन स्फटिकातल्या अरुंद फटीत शिरू शकत नाही, फार तर तंतूतल्या विस्कळीत भागात फिरतो. द्रावण कडक केले की प्रत्येक आयनाच्या वाट्याला पाणी कमी येते, कोंडाळे लहान होते आणि स्फटिकाचे दार उघडते. आणखी एक गंमत म्हणजे हे काम गरम द्रावणापेक्षा गार द्रावणात जोमाने होते. तंतू फुगताना उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे बाहेरून थंडावा मिळाला तर फुगणे वाढते. मर्सराइझिंगच्या यंत्राला द्रावण गार ठेवण्याची सोय लागते ती यासाठीच.

ज्यांच्या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते ते जॉन मर्सर १७९१ साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, ग्रेट हारवुड गावात जन्मले. वडील लवकर गेले. पोर नऊ-दहा वर्षांचे असतानाच कांड्या भरायला लागले आणि पुढे हातमागावर बसले. शाळा अशी फारशी नाहीच. १८१४ साली लग्नाचा परवाना काढायला ब्लॅकबर्नला गेले असताना जुन्या पुस्तकांत त्यांना रसायनशास्त्राचे एक छोटे पुस्तक मिळाले, आणि तेच त्यांचे विद्यापीठ ठरले. छापील कापडाच्या कारखान्यात रंग तयार करता करता हा माणूस लँकेशायरमधला नावाजलेला रसायनतज्ज्ञ झाला.

१८४४ साली ते कॉस्टिक सोड्याचे कडक द्रावण गाळून पाहत होते. गाळणी म्हणून सुती कापडाच्या घड्या वापरल्या होत्या. द्रावण फार हळू झिरपले. खाली उतरलेले द्रावण वरच्यापेक्षा पातळ निघाले, म्हणजे कापडाने सोडा धरून ठेवला होता. कापडही बदलले होते. ते लांबी-रुंदीत आखडले, जाड झाले आणि अर्धपारदर्शक दिसू लागले. दुसऱ्या कुणी ती गाळणी फेकून दिली असती. मर्सर तिच्यामागे लागले. १८५० साली त्यांनी पेटंट घेतले. अशा कापडावर रंग जास्त गडद चढतो आणि ते जास्त मजबूत होते, हे दोन्ही त्यांनी दाखवले. लंडनच्या १८५१ च्या भव्य प्रदर्शनात त्यांचे नमुने मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

पण धंद्यात ही प्रक्रिया चालली नाही. कापड वीस-पंचवीस टक्के आखडत असे. ज्या वारावर पैसा मिळतो तोच वार कमी करणारी प्रक्रिया कोण घेणार? त्यात कॉस्टिक महाग. १८६६ साली मर्सर वारले तेव्हा त्यांच्या शोधाला बाजारात जागा नव्हती. आणि ज्या चमकेसाठी आज ही प्रक्रिया ओळखली जाते, तो उद्देश त्यांच्या कामात नव्हताच. कारण त्यांनी कापड सैल सोडले होते.

ताणण्याची कल्पना इंग्लंडमध्येच होरेस लो यांना सुचली. १८९० च्या सुमारास त्यांनी पेटंटे घेतली. सूत ताणून धरून कॉस्टिकमध्ये बुडवायचे आणि ताण तसाच ठेवून धुवायचे. मग ते आखडतही नाही आणि झळाळून उठते. गिरणीवाल्यांनी रस दाखवला नाही आणि पेटंट तसेच गेले. काही वर्षांत जर्मनीतल्या क्रेफेल्ड या रेशमाच्या गावी टोमास आणि प्रेव्हो या दोघांनी हीच गोष्ट नव्याने पुढे आणली, आणि या वेळी ती जगभर पसरली. आधी झालेल्या लो यांच्या कामामुळे त्यांची पेटंटे पुढे टिकली नाहीत, तरी सुती कापडाला रेशमाची झाक देणारा उद्योग एव्हाना उभा राहिला होता.

एकच द्रावण, एकच कापूस, आणि ताण असला-नसला तर निकाल इतका वेगळा का? कडक खारात तंतू जाडीला फुगतो. चपटी फीत पुन्हा गोल नळी होते, पीळ उलगडतात आणि मधली पोकळी जवळपास बुजते. सैल सोडलेला तंतू फुगताना लांबीत आखडतो आणि वरून सुरकुततो. ताणलेल्या तंतूला आखडता येत नाही, म्हणून तो गुळगुळीत दंडगोल होतो आणि आतल्या साखळ्या तंतूच्या अक्षाला जास्त समांतर होतात. गोल, गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच रोखाने परततो, तीच ती चमक. ताणात केलेले सूत जास्त बळकट निघते त्यालाही साखळ्यांची ही सरळ बैठक कारण आहे. म्हणून लांब धाग्याचा कापूस, विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले सूत आणि वरचे केस गॅसच्या ज्योतीवर जाळलेला दोरा यांच्यावर ही प्रक्रिया सगळ्यात खुलते. आखूड धाग्याच्या जाड्याभरड्या सुताला ताणून धरायलाच फारसे काही नसते.

आता स्फटिकाच्या आत जाऊ. आयन आत शिरले की हायड्रोजन बंध सुटतात आणि साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात. सोडियम, पाणी आणि सेल्युलोज यांची एक मधली अवस्था तयार होते, तिला सोडा-सेल्युलोज म्हणतात. द्रावणाचे प्रमाण आणि तापमान यांप्रमाणे तिचेही अनेक प्रकार आहेत. व्हिस्कोज रेयॉन करणारे याच टप्प्यावर थांबतात आणि सोडा-सेल्युलोजवर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून ते विरघळवतात. मर्सराइझिंगमध्ये मात्र काही विरघळत नाही. पाण्याने धुतले की सोडियम निघून जाते, साखळ्या पुन्हा जवळ येतात, पण आता त्या नव्या पद्धतीने बसतात. त्या मांडणीला सेल्युलोज-२ म्हणतात. क्ष-किरणांच्या आलेखात हा बदल उघड दिसतो. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिले तर सेल्युलोज-१ चे ठळक शिखर २२.६ अंशांपाशी येते, त्याआधी १५ आणि १६.५ अंशांच्या जवळ दोन लहान शिखरे. मर्सराइझ केल्यावर ती मावळतात आणि १२, २० व २२ अंशांच्या आसपास नवी शिखरे उभी राहतात.

सेल्युलोज-२ मध्ये हायड्रोजन बंध फक्त पत्र्याच्या आत नसतात, ते एका पत्र्यातून दुसऱ्यातही जातात. बंधांचे जाळे तिन्ही दिशांना विणले जाते. म्हणून ही मांडणी ऊर्जेच्या दृष्टीने जास्त स्थिर आहे आणि म्हणूनच ती मागे फिरत नाही. मग वनस्पती आधीच सेल्युलोज-२ का करत नाही? तिच्या एंझाइमांचा गुच्छ साखळ्या एकाच दिशेने ओतत जातो आणि त्या तिथल्या तिथे स्फटिकात बसतात. जास्त स्थिर जागा शोधायला त्यांना मोकळीकच मिळत नाही. कॉस्टिक देतो ती नेमकी ही मोकळीक.

पण इथे एक कोडे आहे, आणि त्याने संशोधकांना अनेक दशके छळले. सेल्युलोज-२ मध्ये साखळ्या उलटसुलट असतात. एकीचा शेंडा वर, तर शेजारणीचा खाली. कडक खारात साखळी विरघळत नाही आणि तंतूही तुटत नाही. मग दहा हजार मण्यांची साखळी दाट गर्दीत जागच्या जागी उलटी कशी होईल? होतच नाही. आज सर्वाधिक मानले जाणारे उत्तर असे, की एंझाइमांचे गुच्छ पेशीच्या पटलावर दोन्ही दिशांनी सरकतात. त्यामुळे एका पेंढीचे शेंडे वर, तर लगतच्या पेंढीचे खाली असू शकतात. खारात दोन्ही पेंढ्या फुगतात, त्यांच्या सीमा पुसल्या जातात आणि साखळ्या एकमेकींत मिसळतात. उलटसुलट जोड्या अशा जमतात. एकाही साखळीला वळावे लागत नाही, फक्त शेजार बदलतो. हे स्पष्टीकरण मला फार देखणे वाटते.

शेजार बदलण्याच्या या धामधुमीत सगळ्याच साखळ्यांना नीट जागा मिळत नाही. स्फटिक पूर्वीपेक्षा लहान होतात, विस्कळीत भाग वाढतो, आणि जे हायड्रॉक्सिल गट आधी स्फटिकात कोंडलेले होते त्यांतले कितीतरी मोकळे होतात. व्यवहारात दिसणारे बहुतेक फायदे इथून येतात. साधा कापूस हवेतला ओलावा सात-आठ टक्के धरतो, तर मर्सराइज्ड कापूस दहा टक्क्यांच्या पुढे. रंगाचे रेणू जास्त आत जातात. तेवढीच गडद छटा आणायला रंग कमी लागतो.

रंगाच्या बाबतीत शेतापर्यंत पोचणारी एक गोष्ट आहे. बोंडातले सगळे तंतू सारखे पिकत नाहीत. काहींची भिंत पातळच राहते. गिरणीवाले त्यांना मेलेला कापूस म्हणतात. हे तंतू गुठळ्या करतात आणि रंगवल्यावर कापडावर पांढरट ठिपके उठतात. मर्सराइझिंगने ते फुगतात आणि ठिपके बरेचसे झाकले जातात. तंतू किती पिकला हे मोजायलाही हाच खार वापरतात. काचपट्टीवर रुईचे तंतू समांतर मांडायचे, अठरा टक्के कॉस्टिक टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. पक्क्या तंतूत पोकळी दिसेनाशी होते, कच्च्यात भिंत बारीक आणि पोकळी रुंद राहते. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसासाठी तंत्रज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली. ती आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. भारतीय वाणांच्या तंतूंची परिपक्वता आणि त्यातून निघणारे सूत यांचा संबंध तिथे स्वातंत्र्यापूर्वीच तपासला गेला. विदर्भ-खानदेशातला कापूस पाहताना नुसती धाग्याची लांबी न पाहता परिपक्वताही पाहायला हवी, हे त्या कामाचे मोल आहे.

कापसाबाहेर पडले की चित्र बदलते, कारण कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे आणि बाकीचे तंतू तसे नाहीत. तागात सेल्युलोज साधारण साठ टक्के. उरलेल्यात हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. काथ्यात तर लिग्निन चाळीस टक्क्यांच्या घरात. ताग पंधरा ते अठरा टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये सैल सोडला की हेमिसेल्युलोज निघून जाते आणि तंतू कुरळा, मऊ, लोकरीसारखा होतो. इथे आखडणेच हवे असते, ताण दिला तर सगळे फुकट. घायपात, अंबाडी, केळीचे सोपट यांचे तंतू रेझिनमध्ये बसवून पत्रे करण्यावर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भरपूर प्रकल्प होतात. तिथे बहुधा पाच टक्क्यांचे द्रावण वापरतात. त्याने पृष्ठभाग स्वच्छ आणि खरखरीत होतो, तंतू बारीक तंतुकांत उकलतो आणि रेझिनची पकड सुधारते. हा फायदा खरा आहे. पण अहवालात त्याला मर्सराइझेशन म्हटलेले असते, आणि ते चूक आहे. क्ष-किरण आलेखात २० अंशांपाशी नवे शिखर नसेल तर सेल्युलोज-१ जागचे हललेले नाही. उलट, विस्कळीत भाग धुऊन गेल्यामुळे अशा तंतूत स्फटिकाचे प्रमाण वाढलेले दिसते. खऱ्या मर्सराइझिंगमध्ये ते घटते.

कापूस फुगवणारे दुसरे रसायन म्हणजे द्रवरूप अमोनिया. उणे ३३ अंशांवर उकळणारा हा द्रव कापडात क्षणभर शिरतो आणि सेल्युलोज-३ नावाची तिसरी मांडणी तयार करतो. कापड मऊ पडते, सुरकुत्या कमी होतात. पण गरम पाण्यात नीट तापवले की सेल्युलोज-३ पुन्हा सेल्युलोज-१ कडे वळते. खाराने झालेल्या बदलाला ही परतीची वाट नाही, आणि गिरणीत काम करणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. ताग्याच्या एका कडेला द्रावण पातळ पडले किंवा ताण ढिला झाला, तर पांढऱ्या कापडावर काहीच दिसत नाही. रंगाच्या यंत्रातून माल बाहेर आला की कडेला फिकट पट्टा उमटतो. म्हणून रंगवण्याआधी तुकडा काढून बेरियम अंक पाहतात. बेरियम हायड्रॉक्साइड किती शोषले जाते याची तुलना साध्या कापडाशी करायची. साधे कापड १०० धरले तर पूर्ण मर्सराइज्ड कापड १५० च्या वर जाते, आणि मधला आकडा आला की काम अर्धवट झालेले असते. तेव्हा एकच उपाय उरतो. सगळा तागा पुन्हा कॉस्टिकमधून काढायचा, आणि या वेळी ताण दोन्ही कडांना सारखा ठेवायचा.